वद्य तृतीयेचे खुबे

घरतभाऊंपुढे ‘चालत नाही’ असं म्हणायची सोय नव्हती. मी पहिल्याच दिवशी म्हटलं आणि अर्धा तास उभी राहिले.

तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायला मी त्या कॉलेजात नुकतीच लागले होते. कॉलेज हरिहरेश्वराच्या वाटेवरच्या एका गावात, खाडीच्या अंगाला. मी मूळची तळा गावची. तिथून रोज येणं-जाणं जमणार नाही म्हणून गावातच खोली घेतली होती. पीएचडीसाठी मला खाडीतल्या खुब्यांच्या, म्हणजे चिखलात मिळणाऱ्या शिंपल्यांच्या, जनुकांच्या फायली हव्या होत्या. परदेशात त्यांचं एक मोठं सार्वजनिक भांडार आहे. जगभरचे लोक आपापल्या प्राण्यांचे, झाडांचे जनुकक्रम तिथे जमा करतात आणि कुणीही ते फुकट उतरवून घेऊ शकतं. एकेक फाइल हाताने उतरवत बसलं तर जन्म जाईल, म्हणून त्या आपोआप मागवणारा एक छोटा प्रोग्राम मी कुठून तरी उचलून आणला होता. तो ढिम्म हलत नव्हता. प्राचार्य म्हणाले, घरतांना विचारा. मला वाटलं, कुणी प्राध्यापक असतील. प्रयोगशाळेत गेले तर एक पन्नाशी उलटलेला, काटकुळा, पांढऱ्या शर्टाचा माणूस बेडकांच्या बरण्या फडक्याने पुसत होता. हे घरत, प्रयोगशाळा परिचर.

मी म्हटलं, "माझा प्रोग्राम चालत नाही."

"चालत नाय म्हंजे काय करतो? बसलाय का निजलाय?" त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

मला राग आला. एमएस्सीला फर्स्ट क्लास मिळवून मी काही बरण्या पुसणाऱ्या माणसाकडून टिंगल करून घ्यायला आले नव्हते. पण गरज माझी होती. मग त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. तू त्याला काय दिलंस, तुला काय यायला हवं होतं आणि आलं काय. तिन्हींना माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. त्यांनी जुन्या वेळापत्रकाचा पाठकोरा कागद आणि खिशातली पेन्सिल माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, लिही. दुसरी ओळ लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की मी जनुकांच्या फायली प्रथिनांच्या विभागात शोधतेय. म्हणजे कपड्यांच्या कपाटात डाळ शोधण्यातला प्रकार. मी गुपचूप कागद घडी करून निघाले.

"गावला ना?" बरणीकडे बघतच त्यांनी विचारलं.

असे अर्धवट लिहून सोडलेले कागद त्यांच्या खणात गठ्ठ्याने होते. मुलं प्रश्न लिहायला बसत आणि मधेच उठून जात. पुरा लिहिलेला प्रश्न आला की भाऊ तो सोडवून देत, पण खरी खुशी त्यांना अर्ध्या कागदाची. कुणी त्यांना ही पद्धत शिकवली, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, बापाने. त्यांचं घराणं उरणकडचं, मिठागरावर राबणारं. मीठ बिघडलं, असं नुसतं येऊन सांगितलं तर बाप पाठीत रट्टा घालायचा. कुठल्या वाफ्यातलं, कुठल्या उधाणाचं पाणी घेतलेलं, वारा कुठला होता, हे सांगितल्याखेरीज बाप जागचा उठत नसे. ते मिठागर पुढे हातचं गेलं, भाऊ बारावी सायन्सवर इथे परिचर म्हणून लागले आणि बापाचा रट्टा तेवढा बरोबर घेऊन आले.

मुलांसमोर ते मला ‘मॅडम’ म्हणत. मुलं गेली की ‘बाय’ आणि ‘तू’. हा बदल कधी झाला ते मला कळलं नाही. मला तो आवडला एवढं खरं.

प्रोग्रामिंग ते कसे शिकले याची कथा मी त्यांच्याकडून तुकड्या-तुकड्याने काढली. आमच्या आधीच्या विभागप्रमुखांना संशोधनाची हौस होती आणि कॉम्प्युटरची भीती. त्यांच्यासाठी फायली उतरवता उतरवता भाऊंना वाटलं, हे काम मशीनकडूनच करून घ्यावं. एका परदेशी संकेतस्थळावर प्रोग्रामिंगचे प्रश्न विचारतात आणि अनोळखी माणसं उत्तरं देतात, तिथे त्यांनी मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला. तासाभरात तो बंद झाला. काय विचारायचंय ते समजत नाही, असा शेरा. मी असते तर पुन्हा त्या दारात पाऊल टाकलं नसतं. भाऊंचं म्हणणं, "खरा तेच बोलले ते. मनाच समजला नव्हता, काय विचाराचाय ते." तीन आठवडे ते तोच प्रश्न लिहीत आणि खोडत राहिले. मोठी फाइल काढून दोन ओळींची केली, आपली हकीकत काढली, ‘कृपया तातडीने’ काढलं. मग टाकला तर दहा मिनिटांत उत्तर.

त्यानंतर तेच इतरांना उत्तरं देऊ लागले. दुपारी चारनंतर प्रयोगशाळा रिकामी झाली की ते तिथे बसत. एकदा कुणीतरी त्यांना ‘डॉक्टर घरत’ म्हणून आभार लिहिले. भाऊ लाजले, आणि मग त्यांनी त्याला उलट लिहिलं की मी डॉक्टर नाही, मी बरण्या धुतो. मी म्हटलं, सांगायची काय गरज होती? तर म्हणाले, उगाच कुणाच्या मनात भलता माणूस बसायला नको.

माझ्या हातून एकदा मोठा घोटाळा झाला. शेकडो फायली एका दमात मागवायच्या म्हणून मी प्रोग्राम मोकाट सोडला आणि त्या भांडाराने आमच्या कॉलेजचा पत्ताच अडवला. कुणालाच काही उतरवता येईना. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. तासिकावाल्या बाईची नोकरी ती केवढी, मी रडकुंडीला आले. भाऊंनी माझा प्रोग्राम पाहिला आणि डोक्याला हात लावला. "बाय, कुनाच्या घरी जाऊन अशी दनादना दार वाजवशील तर तो कुत्रा सोडंल." मग त्यांनी मला रीत शिकवली. दर फायलीनंतर जरा थांबायचं. सुरुवातीलाच आपलं नाव आणि ईमेल सांगायचा, म्हणजे काही चुकलं तर ते तुम्हाला आधी कळवतात, दार नंतर लावतात. त्यांनी भांडाराला माफीचं पत्र लिहिलं. पत्रात माझं नाव नव्हतं. प्रोग्राम आमच्या प्रयोगशाळेतून गेला आणि मी प्रयोगशाळा सांभाळतो, एवढंच होतं. दोन दिवसांनी दार उघडलं.

त्यांच्या बोलण्यात सुनंदा हे नाव पुष्कळदा यायचं. सुनंदा म्हणते भाताला पाणी कमी घाला. सुनंदाला हा वास आवडत नाही. मला वाटलं, घरी वहिनी आहेत. एकदा तळ्याहून येताना मी त्यांच्यासाठी आमसुलं आणली आणि वहिनींना द्या म्हणून भाऊंच्या हातात दिली. त्यांनी पुडी घेतली, पिशवीत नीट ठेवली. आठ दिवसांनी ऑफिसातल्या शिपायाकडून कळलं की सुनंदावहिनींना जाऊन सहा वर्षं झाली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी भाऊंना जाऊन विचारलं, मग तुम्ही आमसुलं घेतलीत कशाला?

"तिच्या नावानं कोन काय घेऊन आला, त्याला नाय कसा बोलू?"

मूलबाळ नव्हतं. एका सुपारीच्या वाडीच्या मागच्या बाजूला त्यांची एक खोली होती. वाडीचे मालक ठाण्याला राहत, गडी दुपारपर्यंत निघून जाई. मी एकदाच त्या खोलीत गेले. एक ताट, एक तांब्या, दोरीवर दोन शर्ट. रविवारीसुद्धा ते प्रयोगशाळेत येऊन का बसतात ते मला तेव्हा कळलं. दिवाळीच्या सुट्टीत सगळं कॉलेज बंद असताना ते एकटेच तिथे बसून कुठल्या कोण परक्या पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देत. एकदा मी विचारलं, कंटाळा नाही येत? म्हणाले, लोक विचारतात तोवर बरं असतं.

आमसुलांबद्दल विचारलं त्या दिवशीच त्यांनी मला एक नोंद दाखवली. भांडाराच्या लाखो नोंदींतली एक. वर नोंदीचा क्रमांक, मग खुब्याचं शास्त्रीय नाव, मग ठिकाण, उरणकडची एक छोटी खाडी. ती सुनंदाच्या माहेरची खाडी. आणि खाली एका ओळीत इंग्रजीत, संकलन: सुनंदा घरत. ती माहेरी गेली असताना तिनेच ओहोटीला ते खुबे गोळा केले होते आणि बाटलीत घालून बसने आणले होते. विभागप्रमुखांनी त्यांतून जनुकक्रम काढून घेतला. नोंद भरायचं काम भाऊंचं, म्हणून त्यांनी तिचं नाव घातलं. ती हसली होती म्हणे. आपलं नाव अमेरिकेत कशाला, असं म्हणाली होती. दोन वर्षांनी ती गेली.

"रेशनकार्डावरना नाव काढला. मतदार यादीतना काढला. माहेरच्या सातबाऱ्यावर भावांची नावा. ती खाडी पन बुजवली, आता तिथं ट्रेलर उभे ऱ्हातात." त्यांनी पडद्यावर त्या ओळीला बोट लावलं. "हितं हाय. हितना कोन काढनार?"

माझं काम पुढे सरकत होतं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांतल्या खुब्यांच्या जेवढ्या नोंदी भांडारात होत्या तेवढ्या मी मागवल्या, आता रीतीने, थांबत थांबत. मग कुठल्या खाडीतले कुठल्याशी जवळचे, हे ठरवणारा प्रोग्राम लिहिला. चित्र छान निघालं. उरणकडचे सगळे एका बाजूला, आमच्या दक्षिणेकडचे दुसऱ्या. फक्त उरणकडची एक नोंद काही केल्या दक्षिणेच्या गटात जाऊन बसत होती. मी दोन दिवस प्रोग्राम तपासला आणि कंटाळून भाऊंकडे गेले. ‘चालत नाही’ म्हणायची चूक आता मी करणार नव्हते. मी म्हटलं, मी सगळ्या नोंदी दिल्या, दोन स्वच्छ गट यायला हवे होते, एक नोंद भलतीकडे जातेय. ते म्हणाले, लहान कर.

हा त्यांचा दुसरा नियम. सगळी फाइल घेऊन यायचं नाही. एकेक नोंद काढून टाकत जायचं. चूक नाहीशी झाली तर शेवटची काढलेली परत घालायची, आणि चूक दाखवायला लागतात तेवढ्याच नोंदी उरल्या की त्या घेऊन यायचं. शुक्रवारी दुपारभर मी तेच केलं. दहा उरल्या, पाच उरल्या, तीन उरल्या. उरणची एक, आमच्या खाडीची एक, आणि ती. ती आमच्या खाडीतल्या नोंदीशी अक्षरन्‌अक्षर सारखी होती. तिन्ही क्रमांक मी कागदावर लिहिले आणि त्यांच्या पुढे ठेवले. क्रमांक लिहिताना मला काही वाटलं नाही. माझ्या दृष्टीने तो नुसता आकडा होता.

त्यांतला तिसरा भाऊंना पाठ होता. त्यांनी कागद उचलला, चष्मा काढला, परत घातला. "हा तुझ्याच यादीतला हाय ना?" त्यांनी विचारलं, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं, ही सुनंदाची नोंद.

मी लगेच म्हटलं, माझाच प्रोग्राम चुकला असेल. जन्मात पहिल्यांदा मला मनापासून वाटलं की चूक माझी निघावी. भाऊंनाही तेच वाटत असणार, कारण शनिवार-रविवार ते माझा प्रोग्राम उलटा-सुलटा करून बघत बसले. त्यांनी आपला वेगळा लिहिला. तुलना हातानेही केली, कागदावर अक्षरं मांडून, बाराशे का काय होती ती. सोमवारी मी आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. प्रोग्राम बरोबर हाय, एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी मागच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि खालच्या फळीवरून एक बाटली काढली. जनुकक्रम काढला ती हीच, उरलेले खुबे अजून स्पिरिटमध्ये होते. आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती. स्पिरिटमध्ये शाई विरघळते म्हणून अशा चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहितात. वळणदार अक्षरात दोनच शब्द, वद्य तृतीया.

खाडीवर खुबे वेचणाऱ्या बाया तारीख बघत नाहीत, तिथी बघतात. भरती-ओहोटी तिथीवर चालते. पुनवेनंतर दोन-तीन दिवसांनी सकाळच्या वेळी पाणी लांब हटतं आणि चिखल उघडा पडतो. महिना कुठलाही असो, वद्य तृतीयेला पाणी तसंच असणार. म्हणून सुनंदाने चिठ्ठीवर तिथी लिहिली आणि महिना लिहिला नाही. त्यांच्यात कुणीच लिहीत नाही. तिचे खुबे मार्गशीर्षातले. पुढच्याच महिन्यात, पौषात, भाऊ स्वतः इथल्या खाडीवर गेले, त्याच तिथीला, कारण पाणी त्याच तिथीला हटतं. ते खुबे घरी आणल्यावर चिठ्ठी लिहायला सुनंदाकडेच दिली, कारण अक्षर तिचं चांगलं. अशा दोन बाटल्या झाल्या, दोन्हींत तेच दोन शब्द, त्याच हाताचे. डावीकडची तिची आणि उजवीकडची आपली, हे भाऊंच्या डोक्यात पक्कं. मधे प्रयोगशाळेला रंग दिला, कपाटं हलवली. एका बाटलीतून जनुकक्रम निघाला, दुसरीतून काहीच निघालं नाही, ती फेकून दिली.

हे सगळं त्यांनी मला बाटली हातात धरून सांगितलं. मग बाटलीतलं स्पिरिट त्यांनी एका चंचुपात्रात ओतलं आणि तळाशी राहिलेला गाळ तळहातावर घेतला. अंगठ्याने चोळला. मी बघत होते. माणसाचा अंगठा थांबला की समजतं.

"उरनचा चिखल लोन्यासारखा लागतो, बाय. राखी. आमी त्यातच जन्माला आलो." त्यांनी हात माझ्यापुढे केला. हातावर तांबूस, खरखरीत रेव होती. "ही हितली हाय. माझ्या बाटलीतली."

म्हणजे फेकून दिली ती सुनंदाची होती. ज्या ओळीत तिचं नाव होतं ते खुबे तिने कधी वेचलेच नव्हते. ती खाडीही बुजलेली, आता तिथून पुन्हा काही आणता येणार नव्हतं.

मी गप्प बसायला हवं होतं, पण माझा स्वभाव तसा नाही. मी तावातावाने बोलत सुटले. लाखो नोंदींत ही एक, कोण बघतोय? मी माझ्या प्रबंधातून ती नोंद वगळते, शंकास्पद असं लिहिते, कुणाला काही कळणार नाही. राहू दे तिथे. भाऊंनी मला पूर्ण बोलू दिलं. हात धुतला, पुसला.

"उत्तर आवडला नाय म्हून प्रश्न बदलाचा नसतो." मग म्हणाले, "उद्या कोन त्या खाडीत काय व्हता ते बघाला आला, तर त्याला आपन खोटा सांगाचा? ती खाडी तिची. तिच्या खाडीबद्दल खोटा कसा ठेवू?"

मी आणखी एक पळवाट काढली. ठिकाण बदला, पण संकलनात नाव तिचंच ठेवा. कोण विचारायला येतंय? ते म्हणाले, "त्या दिवशी ती नव्हती आली. मी एकटाच गेल्तो."

दुरुस्तीचं पत्र त्यांनी त्याच पद्धतीने लिहिलं. आधी काय नोंदलं होतं, खरं काय आहे, ते कशावरून कळलं. इंग्रजी बघायला माझ्याकडे दिलं. चूक कशी झाली हे समजावायला मी ‘चिठ्ठी लिहिण्यातली चूक’ असे शब्द घातले होते. भाऊंनी ते खोडले. मी म्हटलं, परदेशातल्या माणसाला तिथी आणि महिना कसा समजावणार, हे सोपं पडेल. ते ऐकेनात. चिठ्ठीत चूक नाही, म्हणाले. तिने लिहिलं ते बरोबरच होतं, महिना कुठला ते मी विचारलं नाही. तसंच लिहायला लावलं. चिठ्ठी बरोबर होती, मी प्रश्न अपुरा विचारला. त्या ओळीखाली त्यांनी सही केली.

आठवड्याने उत्तर आलं, दोन ओळींचं, सौजन्याचं. नोंद बदलली होती. भाऊंनी मला हाक मारली आणि दोघांनी मिळून ती पाहिली. ठिकाण बदललेलं, संकलनापुढे त्यांचं स्वतःचं नाव. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, एकेक ओळ, काही राहिलं तर नाही ना म्हणून. मग कॉम्प्युटर बंद केला आणि बरण्या पुसायला लागले. त्या दिवशी संध्याकाळी ते त्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर बसले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर त्यांना बोलताना ‘सुनंदा म्हणते’ असं म्हणताना मी ऐकलं नाही. ‘म्हणायची’ म्हणू लागले. त्याचं मला फार वाईट वाटलं. ती नोंद आपणच लहान करत करत त्यांच्यापुढे नेऊन ठेवली, ही टोचणी माझ्या मनातून जात नव्हती, अजूनही गेलेली नाही.

वर्षअखेर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभाला शाल, श्रीफळ आणि दोन भाषणं झाली, त्यांत त्यांच्या वक्तशीरपणाचं कौतुक होतं. प्रोग्रामचा उल्लेख कुणी केला नाही. ते उरणकडे चुलतभावाच्या घरी राहायला गेले.

त्यानंतर काही महिन्यांनी मला एक गोष्ट कळली. त्या भांडारात कुठलीही नोंद बदलली तरी तिचं जुनं रूप पुसलं जात नाही. कुणीही ते मागवून बघू शकतं. मी मागवलं. जुनी खाडी, जुनी ओळ, सगळं जसंच्या तसं. मी ते छापून घेतलं आणि सुट्टीत थेट उरण गाठलं. एवढा आनंद मला पुढे माझा प्रबंध मंजूर झाला तेव्हाही झाला नाही.

घर मोठ्या रस्त्याला लागून होतं. अंगणापलीकडून कंटेनरचे ट्रेलर एकामागोमाग जात, खिडक्यांवर धूळ बसलेली. चुलतभावाचं कुटुंब कामाला गेलं होतं, भाऊ एकटेच होते. आणखी वाळले होते. त्यांनी चहा केला, साखर जास्त घातली. मी कागद पुढे केला आणि एका दमात सगळं सांगितलं. ते कागदाकडे बघत राहिले.

"मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "पत्र धाडला त्याच्या आधीपास्ना."

मग कधी उघडून बघितलंत का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. चुकीचं आहे ना ते, म्हणाले. त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्याकडे परत दिला. तुझ्यापाशी राहू दे. मला राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. पुढे आम्ही माझ्या नोकरीबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो. रिक्षापर्यंत पोचवायला ते रस्त्याच्या कडेला आले.

रिक्षा थांबल्यावर म्हणाले, "बाय, ती वळ वाच एकदा. तेवढीच."

मी कागद उघडून ती ओळ वाचली. संकलन, सुनंदा घरत. नेमका एक ट्रेलर आमच्या अंगावरून गेल्यासारखा गेला. आयकू नाय आला, भाऊ म्हणाले, परत वाच. मी मोठ्याने वाचली. ते रस्त्याकडे बघत उभे होते. पुन्हा म्हणाले, आयकू नाय आला. रस्त्यावर तेव्हा एकही गाडी नव्हती. मी परत वाचली.